तारेनंतरचं पत्र

मुलीकडे इंग्लंडात लिंकनला आलो की जावई दर रविवारी कुठलं ना कुठलं चर्च दाखवतो. या खेपेला मीच म्हटलं, चर्च पुरे, तो टेकडीवरचा लोखंडी सुळका कसला आहे ते बघू.

कॅनविक टेकडीवरचा तो सुळका म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर कमांडचं, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेचं स्मारक. उंची ३१.०९ मीटर, म्हणजे लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी. भोवती गंजक्या रंगाच्या पोलादी भिंती आणि त्यांत आरपार कापलेली, त्या कामगिरीत गेलेल्यांची जवळजवळ ५८ हजार नावं. काही अक्षरांच्या फटीत कुणीकुणी कागदी फुलं खोचली होती.

मी ३४ वर्षं टपाल खात्यात काढली, सुरुवातीची बरीचशी तारेच्या टेबलावर. त्यामुळे डोकं भलत्याच हिशेबात अडकलं. एवढी नावं, म्हणजे एवढ्या तारा. आपल्याकडे मृत्यूच्या तारेवर ‘एक्स एक्स’ अशी खूण असायची, ती बाकीच्या तारांच्या आधी पोचवायची. तारवाला वाडीत शिरला की पाकीट फोडायच्या आधीच बायका रडायला लागत. पोरगा पास झाल्याची तारसुद्धा मी रडारडीत वाचून दाखवलीय. आणि कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड असलं तर ते वाचून झाल्यावर घरात ठेवत नसत.

इंग्रजांच्या तारेत मात्र बहुतेक वेळा ‘गेला’ असं नसायचंच. विमान परतलं नाही की ‘आपला मुलगा हवाई कामगिरीनंतर बेपत्ता आहे, पत्र मागाहून येत आहे’ एवढंच. मागाहून यायचं ते स्क्वाड्रनच्या कमांडरचं पत्र. मे १९४३ मध्ये इथून जवळच्याच स्कॅम्प्टनच्या हवाई तळावरून १९ लँकेस्टर जर्मनीतली धरणं फोडायला गेली, त्यांतली ८ परतली नाहीत. कमांडर गाय गिब्सन आणि त्याचा कचेरीकाम बघणारा अ‍ॅडज्युटंट यांच्यापुढे ५६ घरांची पत्रं. त्यांतले तिघे पुढे कैदेत जिवंत निघाले, ते सोडा. गिब्सन तेव्हा २४ वर्षांचा. माझ्या चोविसाव्या वर्षी मला रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता.

अशा पत्राला साचा असतो. मुलगा सगळ्यांचा लाडका, कामात चोख, त्याची उणीव भासेल. मी नावं ठेवत नाही. अडाणी माणसांना अशी साच्यातली पत्रं मीही लिहून दिलीत. पण घरच्यांना ओढ असते ती शेवटच्या घटकेला शेजारी होता त्याच्या शब्दांची. आणि लँकेस्टरमध्ये सात जण. विमान पडलं तर सरासरी जेमतेम एक वाचायचा. सांगायला उरणार कोण?

भिंतीवर मी एक नाव मुद्दाम शोधलं. मिनार्स्की. कॅनडातल्या विनिपेगचा पोरगा, वडील आधीच गेलेले, फरच्या कपड्यांच्या कारखान्यात कातडी कापून घराला हातभार लावणारा. १२-१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रेवर जाताना त्याच्या विमानाला जर्मन लढाऊ विमानानं पेटवलं. उडी मारायचा हुकूम झाला. शेपटीच्या टोकाला मशीनगनच्या मनोऱ्यात त्याचा जोडीदार पॅट ब्रॉफी अडकलेला. मिनार्स्की दाराशी पोचला होता, पण मागे वळला, आगीतून रांगत गेला, कुऱ्हाडीनं मनोरा उचकटायला बघू लागला, मग नुसत्या हातांनी. ब्रॉफीनंच हातवारे करून त्याला परत पाठवलं. कपडे पेटलेले असताना तो मागे मागे सरकत दाराशी गेला, ताठ उभा राहिला, सलाम केला आणि काहीतरी बोलला. आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता, पण ब्रॉफीला ओठ कळले. ‘गुड नाइट, सर.’ रोज रात्री निरोप घेताना दोघांत चालणारी थट्टा ती.

मिनार्स्की भाजून गेला. विमान आदळलं तेव्हा ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला. बाकीचे पाचही वाचले. १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो ब्रॉफीनं सांगितलं म्हणून. मेडल देणाऱ्यांना ही हकिगत अशीच्या अशी सांगता येते. आईला ती कुठून कुठपर्यंत सांगायची?

मला आठवलं ते साताऱ्याकडचं एक घर. १९८८, आपली फौज श्रीलंकेत होती. तार मीच वाचून दाखवली होती. दोनेक महिन्यांनी त्याच पलटणीतला त्याचा जोडीदार रजेवर आला आणि थेट त्या घरी गेला. वाट दाखवायला मी बरोबर. ओट्यावर बसला, पाण्याचा तांब्या हातात तसाच. म्हातारीनं कसा गेला, कुठं लागलं, काहीही विचारलं नाही.

“जेवला हुता का रं?”

“व्हय काकी. पोटभर जेवला. वर दोनदा चहा घेतला.”

म्हातारीनं मान हलवली आणि चुलीकडे गेली. त्यालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी एसटीची वाट बघत उभे होतो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग बिडी विझवत म्हणाला, “मास्तर, आदल्या दिवसापास्नं आमच्यापातूर रेशन आलंच नव्हतं.”