एवढी घाई कशाला?

"एवढी घाई कशाला, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दादाची फाइल दाखवू ना," काका म्हणाले. कार्डिओलॉजिस्ट मॅडम शांतपणे बोलल्या, "दाखवा की, पण उद्या. आत्ता हृदयाची नस पूर्ण बंद आहे."

नस उघडायच्या संमतीचा फॉर्म समोर, आणि काका पेनाचं टोपण नुसतं उघडबंद करत राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, सही करा आधी!"

दादाच्या ईसीजीत रेषेचा एसटी नावाचा भाग वर चढलेला, म्हणजे मोठा अटॅक. अशा वेळी हॉस्पिटलात पोचल्यापासून ९० मिनिटांत नस उघडायचं टार्गेट असतं, कारण रक्त मिळालं नाही की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि मेलेला परत येत नाही. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नस उघडणं, जमणारच नसेल तर आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, ते लागू पडलं तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी, म्हणजे नसांची तपासणी.

आणि गंमत बघा, उशीर झाला की हिशोबच बदलतो. २००६च्या ओएटी नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवरच्या अभ्यासात, अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी, पेशंट स्टेबल असताना पूर्ण बंद नस उघडून स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) टाकला तर औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे सेकंड ओपिनियन तिथे घ्यावं, आणि तिथे आपण म्हणतो, "टाकून टाका एकदाचा."

तुमच्याकडे असा प्रसंग आला तेव्हा सही कोणी केली, आणि किती वेळाने?