माझा अनुभव: इंग्लिशचा पहिला तास आणि गप्प झालेली पोरं

पहिल्यांदा लहान मुलांना इंग्लिश शिकवायला गेले तेव्हा आईसब्रेकर (संकोच घालवायला सुरुवातीला घेतात तो ओळखीचा खेळ) म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटायचं, सात-आठ वर्षांची पोरं, एकेकाने उभं राहून 'माय नेम इज' अमुक, 'आय लाइक' तमुक म्हणायचं, झाली ओळख. तिसऱ्याच मुलीचे ओठ हलले पण आवाज फुटेना. आणि मी शहाणी "बोल ना, घाबरू नकोस" करत तिथेच अडून बसले, म्हणजे सगळ्यांच्या नजरा अजून तिच्यावरच. तिच्यानंतर जे उठले ते सगळे पुटपुटून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल उभं केलं आणि कागदाचा बोळा फेकायचा खेळ घेतला, ज्याच्या हातात बोळा त्याने नाव सांगायचं. मजा आली पण बोळा फिरून फिरून त्याच चार दोस्तांकडे. मग नावासोबत एक अ‍ॅक्शन करायची आणि बाकीच्यांनी दोन्ही रिपीट करायचं असं केलं, तेव्हा कुठे वर्गात आवाज आला, कारण एकट्याने बोलायचंच नव्हतं ना.

सगळ्यात जास्त चाललं ते 'सायमन सेज', म्हणजे सायमन झालेला 'सायमन सेज' म्हणून हुकूम देईल तरच तो करायचा, नुसता हुकूम दिला तर हलायचं नाही. यात मुलांना तोंड उघडावंच लागत नाही, ऐकायचं आणि करायचं. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली टोटल फिजिकल रिस्पॉन्स ही पद्धत हेच सांगते, आधी ऐकून हालचाल, बोलणं मागाहून. फक्त 'चुकला की आऊट' हा नियम मी काढून टाकला, कारण ज्याला इंग्लिश कमी समजतं तोच पहिला आऊट होतो आणि मग उरलेला वेळ नुसता बघत बसतो, म्हणजे ज्याला गरज त्यालाच सराव नाही.

'दोन खरं एक खोटं' (स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्यातलं खोटं बाकीच्यांनी ओळखायचं) मात्र साफ पडलं. एवढ्या लहान पोरांना तीन वाक्यं बनवणंच जड, आणि एकाने तर तिसरं वाक्य अर्ध्यातच सोडून "हे खोटंय" म्हणून सांगूनही टाकलं 😄 बिंगोला (चौकोनातली आवड कोणाची ते एकमेकांना विचारून भरायचं) नऊ चौकोन दिले तर एकमेकांचे कागद बघून भरले, चारच ठेवले आणि आधी मी एका मुलासोबत सगळ्यांसमोर 'डू यू लाइक कॅट्स?' करून दाखवलं तेव्हा जमलं.

अजून एक, प्रश्न विचारून मी लगेच स्वतःच उत्तर द्यायचे. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवलंय की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि 3 सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात. आता मी मनात आकडे मोजते, ते तीन सेकंद भयंकर लांब वाटतात हं.

ती पहिल्या दिवसाची मुलगी तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून सायमन व्हायला पुढे आली. हळूच फक्त 'स्लीप' म्हणाली, अर्ध्या वर्गाने बाकावर डोकी टेकवली, आणि ही टाळ्या पिटत ओरडली, 'नो सायमन! नो सायमन!' ग्रामर मी तेव्हा अजिबात सुधारलं नाही.