रकाना क्रमांक अकरा

अधिवेशन सुरू असलं की नागपुरात घराबाहेर पडण्याआधी एकच प्रश्न असतो, आज मोर्चे किती? डिसेंबर २०२३ मधला तो दिवस. यशवंत स्टेडियमच्या अलीकडेच पोलिसांनी बांबू आडवे बांधले होते. ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, इथंच उतरा. समोर जाऊ नाही देऊन राह्यले." उरलेलं अंतर पायी तुडवत कॉलेजात पोचले, तर शिपाई दारातच म्हणाला, "तुमचा खान सकाळपासून येऊन बसला न मॅडम." त्या मुलाचं आडनाव खान नाही. पण आमच्या शिपायाच्या लेखी अफगाणिस्तानातला प्रत्येक माणूस खानच, आणि पाच वर्षांत त्या मुलानंही ते कधी दुरुस्त केलं नाही.

मी राज्यशास्त्र शिकवते. परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण ज्या मीटिंगमध्ये ते वाटलं गेलं तिला मी हजर नव्हते. एरवी त्यात फार काही नसतं. दोन-चार विद्यार्थी, त्यांची बोनाफाईड, घरमालकाची पत्रं. हा मुलगा २०१८ साली आयसीसीआरची, म्हणजे भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची, शिष्यवृत्ती घेऊन आला, बी.ए. झाला, एम.ए. झाला, आणि आता त्याला माझ्याकडे पीएच.डी.ची नोंदणी करायची होती. विषय होता परदेशी मदत आणि अफगाण राज्यसंस्था. आराखडा चांगला उतरला होता. अडलं ते अर्जाच्या अकराव्या रकान्यापाशी: 'विद्यार्थ्याच्या देशाच्या दूतावासाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे.'

दिल्लीतल्या अफगाण दूतावासानं १ ऑक्टोबरपासून काम थांबवलं होतं आणि २३ नोव्हेंबरपासून तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर केलं होतं. तो दूतावास होता जुन्या प्रजासत्ताकाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधलं ते सरकार कोसळलं, तरी दिल्लीत त्याचा काळा-लाल-हिरवा झेंडा आणखी दोन वर्षं फडकत राहिला. आता तोही गेला. काबूलमध्ये जे तालिबान बसले होते त्यांना तोवर जगातल्या एकाही देशानं मान्यता दिली नव्हती. मग या मुलाला हरकत नाही, असं म्हणायचं कुणी?

बडे बाबूंना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते समजलं मॅडम. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. सिस्टीम समोरच सरकत नाही."

वरच्या कार्यालयात फोन लावला. साहेब अधिवेशनाच्या ड्यूटीवर, तीननंतर करा. म्हणजे बसून राहणं आलं. स्टाफरूमच्या खिडकीतून रस्ता दिसतो. मी डबा उघडला, त्याला अर्धी पोळी दिली. तेवढ्यात घोषणा ऐकू आल्या.

अंगणवाडी सेविकांचा मोर्चा होता. त्या महिन्यात त्यांचा संप चालू होता. यवतमाळ, गोंदिया, कुठून कुठून आलेल्या बाया, हातात पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. तो खिडकीशी उभा राहून बराच वेळ बघत होता.

"यांना पगार कोण देतं, मॅडम?"

"पगार नाही, मानधन. सरकार देतं."

"आणि सरकार सध्या इथं आहे."

"दोन आठवडे. म्हणून तर आल्या." मग त्याला १९५३चा नागपूर करार सांगितला. वर्षातून निदान एक अधिवेशन इथं व्हायचं, असं त्यात ठरलं. त्यावर आम्ही वैदर्भी लोक जो टोमणा मारतो तोही मारला, की सरकार येतं, संत्री खातं आणि जातं. तो हसला नाही.

"माझी बहीण दाई आहे," तो म्हणाला. "जलालाबादजवळच्या एका दवाखान्यात. इमारत सरकारी, चालवायची एक संस्था, पैसा देणगीदार देशांचा, तो यायचा जागतिक बँकेमार्फत. सगळ्या देशात तशीच पद्धत होती. तालिबान आले आणि पैसा थांबला. महिनोन्‌महिने पगार नाही. बाळंतपणं काही थांबली नाहीत. दवाखान्यातल्या बायकांनी ठरवलं, जाऊन विचारायचं. मग प्रश्न आला, जायचं कुठं? तालिबान म्हणणार, आम्ही कुठं देत होतो? संस्था म्हणाली, वरून आलं नाही. वर म्हणजे वॉशिंग्टन."

मी पोळीचा घास तसाच हातात धरून बसले. बावीस वर्षं मी सार्वभौमत्व शिकवते. इंग्रज विचारवंत ऑस्टिनचा 'निश्चित जनश्रेष्ठ', ज्याची आज्ञा लोक सवयीनं पाळतात आणि जो स्वतः कुणाची पाळत नाही. पोरं ते पाठ करतात, पाच गुण घेतात. आज्ञा वरून खाली येते, एवढंच मी शिकवत आले. गाऱ्हाणं खालून वर जाऊन कोणत्या दारावर आदळतं, हा प्रश्न मी पेपरात कधी काढला नव्हता.

त्याच्या आराखड्यातली आकडेवारी मला ठाऊक होती. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या वर्षांत सरकारी खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश पैसा परदेशी अनुदानांतून यायचा. दोन वेळा वाचून मी समासात 'संदर्भ नीट द्या' एवढंच लिहिलं होतं. तो म्हणाला, "आमचे मंत्री बजेटचं भाषण आधी इंग्रजीत तयार ठेवायचे, असा विनोद होता. ऐकणारे बाहेर बसलेले होते ना." विनोद खरा की खोटा, कोण जाणे. पण २९ फेब्रुवारी २०२०ला दोह्यात जे झालं तो विनोद नव्हता. अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. काबूलच्या सरकारला त्यात जागा नव्हती, आणि त्याच सरकारच्या तुरुंगांतले पाच हजारांपर्यंत कैदी सुटतील असं त्यात लिहिलेलं होतं. तुरुंग एकाचे, शब्द दुसऱ्याचा. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनींनी आधी नाही म्हटलं. पुढे सोडलेच.

आमचे अर्थशास्त्राचे सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. त्यांना राहवलं नाही. "अरे, पण पैसा आलाच नसता तर उपाशी मेले नसते का लोक?"

"मेलो असतो, सर," तो लगेच म्हणाला. "मी पेशावरच्या कॅम्पात जन्मलो. त्याआधी आजोबांनी त्याच मदतीच्या पिठावर घर चालवलं. पण ते पीठ मिळायला सात तंजीमांपैकी, म्हणजे सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या पक्षांपैकी, एकीचं कार्ड लागायचं. पाकिस्ताननं सातच पक्ष मान्य केले होते. आजोबा शेतकरी माणूस, त्यांना राजकारणाशी घेणं नव्हतं. पिठासाठी एका तंजीमचे झाले. पुढे तेच पक्ष काबूलवर तोफा डागत होते." जरा थांबून म्हणाला, "आणि बहीण दाई झाली तीही त्याच परदेशी पैशावर. तो आला नसता तर ती शिकली नसती. आता तिच्या मुलीला सहावीनंतर शाळा नाही."

सर पुन्हा पेपरांकडे वळले. मला आमच्या गावची गाय आठवली. २००६च्या सुमारास विदर्भात शेतकऱ्यांसाठी सरकारी पॅकेजं आली तेव्हा आमच्या गल्लीत एका घरी संकरित गाय आली. प्यायला पाणी नाही, चाऱ्याचा पत्ता नाही, आणि ती गाय रोज माणसापेक्षा जास्त खायची. शेवटी विकली. पण निदान त्या माणसाला तहसीलदाराच्या नावानं ओरडता तरी आलं. तो ओरडलाही, चांगला महिनाभर.

मी विषय बदलावा म्हणून घरच्यांचं विचारलं. ती चूकच झाली. पाकिस्ताननं ऑक्टोबरच्या सुरुवातीला फर्मान काढलं होतं की कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांनी १ नोव्हेंबरच्या आत देश सोडावा. त्याची मावशी पेशावरलाच राहिली होती, चाळीस वर्षं. तिची मुलं, नातवंडं तिथंच जन्मलेली. नोव्हेंबरात तोरखमची सीमा ओलांडून आली, तंबूत राहिली. नोंदणीच्या टेबलावर तिला विचारलं, मूळ गाव कोणतं. तिला गावाचं नाव आठवलं, वाट आठवेना.

"२००२ साली आम्ही त्याच रस्त्यानं आलो होतो," तो म्हणाला. "ट्रकच्या भाड्याचे पैसे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या निर्वासित संस्थेकडून मिळाले होते. लोक पैसे घेऊन जायचे आणि परत यायचे, म्हणून वर्षाच्या शेवटी डोळ्यांची नोंद घेणारं यंत्र आणलं. अब्बांचे डोळे तपासले. ते घरी सांगायचे, माझे डोळे जिनिव्हाला माहीत आहेत, काबूलला मी कोण ते माहीत नाही."

इथं भारतातही त्याला निर्वासित म्हणता येत नाही, तो विद्यार्थी आहे. १९५१च्या निर्वासितांच्या करारावर आपण सही केलेली नाही. कोरोनात गावी गेलेले त्याचे दोन मित्र परतलेच नाहीत, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे सगळे जुने व्हिसा रद्द झाले. हा इथंच राहिला होता, कारण तिकिटाला पैसे नव्हते.

शिपाई चहा घेऊन आला. "आपण तर त्याहीले संसद बांधून दिली न? टीव्हीवर पाह्यलं होतं." दिली होती, २०१५ साली तिचं उद्घाटनही झालं. मी मान हलवली. आता तिथं संसद भरत नाही हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्या मुलानंच चहाचा कप उचलून त्याला म्हटलं, "इमारत भारी आहे, भाऊ."

साडेतीनला साहेब फोनवर आले. त्यांचं उत्तर एका वाक्याचं: दूतावासाच्या लेटरहेडवरचं काहीतरी पाहिजे. मी चिडले. दूतावासच नाही तर लेटरहेड कुठून आणू, असं मी फोन ठेवल्यावर म्हणाले, हे कबूल करते.

बडे बाबू इतका वेळ दारात उभे होते. "मॅडम, दुकान बंद करताना त्यायनं पाटी लावली असंल न?"

"कसली पाटी?"

"बंद झाल्याचं पत्र. लेटरहेडवरच असंल."

मुलानं मोबाइल काढला. ते निवेदन त्याच्याकडे साठवलेलं होतं, वर प्रजासत्ताकाचं चिन्ह, खाली मजकूर की आम्ही कायमचे बंद करत आहोत. बडे बाबूंनी ते कॉम्प्युटरवर घेतलं, रकाना अकरामध्ये चढवलं. थोडा वेळ गोल फिरत राहिलं. मग हिरवी टिक आली आणि पान पुढे सरकलं.

कुणी काही बोललं नाही. बडे बाबूंनी त्याची प्रिंट काढली, फाइलला टाचली आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, 'रकाना ११ – जोडले.'