सावित्रीबाईंच्या शेजारी ही कोण?

विडी वळणाऱ्या बायकांसाठी आम्ही संध्याकाळी लिहा-वाचायचा वर्ग घेतो. त्यात पहिल्यांदा येणारी बाई आधी भिंतीकडे बघते. सावित्रीबाईंना ती ओळखते, बाबासाहेबांना ओळखते, मग तिसऱ्या तसबिरीपाशी अडते. पांढऱ्या केसांची एक काळी बाई. "ह्या कोण? तुमच्या नात्यातल्या का, बाई?" वर्ग बघायला येणारे पाहुणेही विचारतात, पण त्यांचा प्रश्न निराळा असतो. काळ्या लोकांच्या नेत्याची तसबीर लावायचीच होती, तर मार्टिन ल्यूथर किंग का नाही, मंडेला का नाही? हे नाव तर आम्ही कधी ऐकलं नाही.

दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी चुटपुट लागते. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

त्यांचं नाव सेप्टिमा पॉइनसेट क्लार्क. आम्ही सेप्टिमाबाई म्हणतो. १८९८ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहरात त्या जन्मल्या. वडील गुलाम म्हणून जन्माला आले होते, जोएल पॉइनसेट नावाच्या जमीनदाराकडे. आडनाव त्याचंच चिकटलं. डिसेंबरात आपल्याकडच्या रोपवाटिकांत लाल पानांची पॉइनसेटियाची रोपं येतात ना, त्यांचं नाव ह्याच माणसावरून पडलंय. मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत म्हणून असताना त्यानं ते झाड अमेरिकेत नेलं. हे कळल्यापासून ती लाल कुंडी दारात ठेवताना मला सेप्टिमाबाईंचे वडील आठवतात.

आई लोकांचे कपडे धुवायची. त्यातून मुलगी शिकली आणि १९१६ साली, अठराव्या वर्षी, शिक्षिका व्हायला निघाली. पण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नोकरीच नव्हती, काळ्या मुलांच्या शाळांतसुद्धा नव्हती. म्हणून त्या पाणी ओलांडून जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर गेल्या. तिथल्या शाळेत दोन शिक्षिका आणि १३२ मुलं. मुख्याध्यापिका म्हणून सेप्टिमाबाईंना महिना ३५ डॉलर. समोरच गोऱ्यांची शाळा होती, तिथे ३ मुलं, आणि शिक्षिकेला ८५ डॉलर. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते. आमच्या बायकांना हिशेब शिकवावा लागत नाही, हजार विड्यांची मजुरी त्या तोंडी लावतात. हा हिशेबही त्या बघताक्षणी समजतात.

बेटावरची माणसं गल्ला बोलायची. आफ्रिकेतल्या कितीतरी भाषा आणि इंग्रजी एकमेकींत मुरून झालेली ही बोली. पुस्तकातलं इंग्रजी मुलांच्या कानाला परकं वाटे. सेप्टिमाबाईंनी आधी त्यांची बोली समजून घेतली, मग पुस्तक उघडलं. आमचा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागात भरतो. निम्म्या बायका घरी तेलुगू बोलतात, बाजारात मराठी. त्यामुळे जीवनकथेतला हा भाग वाचताना मी हातातला चहा गार होऊ दिला होता.

पुढची चाळीस वर्षं त्या शिकवत राहिल्या. शहरात काळ्या शिक्षकांना नोकरी मिळावी म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, आणि १९२० साली ती बंदी उठली. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना सारखा पगार मिळावा म्हणून १९४५ साली कोर्टात जो खटला जिंकला गेला, त्यातही त्या होत्या. मधल्या काळात नवरा गेला, एक मुलगी तान्ही असतानाच गेली, मुलाला सांभाळणं पगारात बसेना म्हणून त्याला सासरी ठेवावं लागलं. ह्यातल्या एकेका गोष्टीवर वेगळं लिहायला हवं.

मग १९५६ साल आलं. साउथ कॅरोलायनानं कायदा केला, की काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी ह्या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही. पुष्कळांनी सभासदत्व लपवलं. सेप्टिमाबाईंनी ते अर्जावर लिहून दिलं. वय ५८. नोकरी गेली आणि चाळीस वर्षांच्या सेवेचं पेन्शनही गेलं.

इथपर्यंत सांगितलं की वर्ग गप्प होतो. विड्या वळून बोटं वाकडी झालेल्या बायका आहेत त्या. फंडाच्या आणि पेन्शनच्या कागदांसाठी किती हेलपाटे पडतात हे त्यांना कुणी समजावायला नको.

नोकरी गेल्यावर त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये गेल्या. काळी-गोरी माणसं एका टेबलावर जेवत, एका छपराखाली राहत, अशी ती जागा, दक्षिणेत जवळजवळ अशक्यच. आधीच्या वर्षी, १९५५च्या उन्हाळ्यात, सेप्टिमाबाईंच्या शिबिरात माँटगोमेरीहून एक अबोल बाई आली होती. रोझा पार्क्स. त्याच वर्षी १ डिसेंबरला तिनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. रोझा पार्क्स जगाला माहीत झाली. मला त्या उन्हाळ्यातलं शिबिर अधिक ओढतं.

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण तसबीर भिंतीवर आहे ती हिच्यामुळे.

मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर साउथ कॅरोलायनात राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. वाचता येत नसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या काळ्या माणसांना मतापासून लांब ठेवायला ही अट फार सोयीची होती. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेटीवरच उमेदवाराचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. अक्षर न ओळखणारी माझी आजीही मत देऊन आली. ती ते अनेकदा सांगायची आणि मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. जॉन्स आयलंडची गोष्ट वाचल्यावर वाटलं.

त्या बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचे एक गृहस्थ होते. बेटावरच्या मजुरांना रोज आपल्या बसनं शहरात कामाला नेत. घटनेतल्या उताऱ्याचे कागद ते प्रवाशांना वाटत आणि जाता-येता त्यांच्याकडून म्हणवून घेत. अॅलिस वाइन ह्या बाईंनी तो अख्खा उतारा ऐकून ऐकून पाठ केला आणि नाव नोंदवून आल्या. पण त्यांचं समाधान होईना. मला खरंखुरं वाचायला शिकवा, म्हणाल्या.

ह्या एका मागणीतून ७ जानेवारी १९५७ला बेटावर पहिला वर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग. दुकान ह्यासाठी, की गोऱ्यांना संशय येऊ नये. १४ जण आले. शिकवायला कोण? इथे सेप्टिमाबाईंचं मोठेपण मला सगळ्यात जास्त जाणवतं. त्या स्वतः चाळीस वर्षांच्या शिक्षिका, पदव्या घेतलेल्या. त्यांनी निवडलं बर्नीस रॉबिन्सन ह्यांना. नात्यातल्याच, पण धंद्यानं केस करणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या. कधी कुणाला शिकवलेलं नव्हतं. त्या नको नको म्हणत होत्या. सेप्टिमाबाईंचा विचार पक्का होता: शिकलेला शिक्षक मोठ्या माणसांपुढे मास्तर होऊन उभा राहतो. शिवाय केस करणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं काळीच, त्यामुळे कुणी गोरा मालक तिला कामावरून काढू शकत नव्हता.

पहिल्या दिवशी रॉबिन्सनबाईंनी लहान मुलांची पुस्तकं नेली होती. मोठ्या माणसांपुढे ती ठेवताना त्यांनाच बरं वाटेना. त्यांनी ती बाजूला ठेवली, मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, असं सांगितलं, आणि विचारलं: तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं आली. स्वतःचं नाव लिहायचंय. बायबल वाचायचंय. मनीऑर्डर भरायचीय. मग तेच धडे झाले. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहून दिलं, त्यावरून पेन्सिल फिरवत राहायचं, हाताला वळण बसेपर्यंत. नांगर धरणाऱ्या हातांत पेन्सिली मोडायच्या. मोडली की दुसरी द्यायची. रॉबिन्सनबाईंनी मानवी हक्कांचा जाहीरनामा भिंतीवर लावला होता, आणि वर्ग संपेपर्यंत तो प्रत्येकाला वाचता यावा असं त्यांच्या मनात होतं.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर हा संध्याकाळचा वर्ग सुरू केला तेव्हा सवयीनं 'अ अननसाचा'पासून सुरुवात केली. पंधरा दिवसांत अकरा बायका गळाल्या. त्या आळशी आहेत असं मी घरी बोलूनही दाखवलं, आणि ते बोलणं मला अजून टोचतं. दिवसभर तेंदूपत्ता कापून, सुपात तंबाखू घेऊन वळत बसणाऱ्या बाईला मी अननसापाशी बसवलं होतं. जॉन्स आयलंडबद्दल वाचल्यावर मी उरलेल्या सातजणींना विचारलं, काय शिकायचंय? पहिलं उत्तर: "सही." बँकेत स्टॅम्प पॅडवर अंगठा दाबला की शाई दिवसभर जात नाही, आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी 'अंगठेबहाद्दर' म्हणतं. दुसरं उत्तर: मजुरीच्या पुस्तकात कारखानदाराचा माणूस काय लिहितो ते वाचायचंय. तिसरी म्हणाली, बसची पाटी. आता आमच्याकडे पुठ्ठे आहेत. पत्रिकांच्या जाड कागदांचे. प्रत्येकावर एकेक नाव. गळालेल्यांपैकी आठजणी परत आल्या.

बेटावरच्या त्या वर्गात नेमानं आलेली माणसं वाचून दाखवून मतदार झाली. मग शेजारच्या बेटांनी वर्ग मागितले. ह्या वर्गांना सिटिझनशिप स्कूल म्हणत. १९५९ साली हायलँडरवर पोलिसांनी छापा घातला आणि दारू बाळगल्याच्या आरोपाखाली ६१ वर्षांच्या सेप्टिमाबाईंना अटक केली. त्या दारूला स्पर्श न करणाऱ्या बाई. १९६१ साली टेनेसी सरकारनं ती शाळाच बंद पाडली, तेव्हा किंग ह्यांच्या संघटनेनं हे काम आपल्याकडे घेतलं. जॉर्जिया राज्यातल्या एका जुन्या शाळेत दक्षिणेतल्या गावागावांतून माणसं शिकायला येत आणि परत जाऊन आपल्या गावात वर्ग उघडत. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आणि पुढे मतदान हक्काच्या लढ्यात नेत्या झालेल्या फॅनी लू हेमर तिथे शिकून गेल्या. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला आणि दक्षिणेतल्या वाचनाच्या परीक्षा मोडीत निघाल्या. तोवर हजारो शिक्षक तयार झाले होते: शेतकरी, धोबिणी, केस करणाऱ्या बायका.

पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. किंग ह्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. १९६४ साली नोबेल घ्यायला ओस्लोला जाताना त्यांनी सेप्टिमाबाईंना बरोबर नेलं होतं. पण संघटनेच्या कार्यकारी मंडळावर ही बाई कशाला, असं तिथले पुरुष विचारत. सेप्टिमाबाईंनी किंगना पत्र लिहून सुचवलं होतं, की प्रत्येक मोर्चा तुम्हीच काढू नका, गावोगाव दुसऱ्यांना पुढे करा. ते पत्र मंडळींना वाचून दाखवलं गेलं आणि मंडळी हसली. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलंय. मला त्या पत्रातच खरा नेता दिसतो. जो कार्यकर्ता आज फक्त व्यासपीठावरच्या माणसाची वाट बघत बसतो, त्यानं ते पत्र आठवावं असं मला फार वाटतं.

सावित्रीबाईंच्या शेजारी का, हेही विचारता. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या माणसांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली होती. त्या मुक्त झालेल्या माणसांपैकीच एकाची ही मुलगी. त्यामुळे फुल्यांच्या घरात त्या परक्या नाहीत.

गेल्या महिन्यात एका मावशींनी पुठ्ठ्याशिवाय पहिली सही केली. सत्तरीच्या आहेत, 'ळ' उलटा झाला होता, तो त्यांनी स्वतःच खोडून पुन्हा काढला. मग तसबिरीकडे बघत विचारलं, "बाई, त्यांची पेन्शन मिळाली का हो शेवटी?"

मिळाली. १९७६ साली, त्या ७८ वर्षांच्या असताना. त्यांना काढून टाकणं चुकीचं होतं असं राज्यपालांनी मान्य केलं. त्याच सुमारास चार्ल्सटनच्या शाळा चालवणाऱ्या मंडळावर लोकांनी त्यांना निवडून दिलं.

"म्हणजे वीस वर्षं," मावशी बोटांवर मोजत म्हणाल्या. "फार झाली." आणि दुसरी सही करायला घेतली.