इफच्या मागे वुड नको

आज इंदूरला राजवाड्याजवळच्या इंग्रजीच्या वर्गातल्या वह्या तपासल्या. बहुतेकांची एकच चूक: 'इफ आय वुड हॅव अ कार, आय वुड गो टू उज्जैन.'

कारण उघड आहे. मराठीत आपण 'गाडी असती तर उज्जैनला गेलो असतो' म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे 'असती-असतो'. मुलं तोच साचा इंग्रजीत नेतात. तिथे वुड फक्त निकालाच्या भागात येतं, अटीच्या भागात साधा भूतकाळ: 'इफ आय हॅड अ कार, आय वुड गो.' हा भूतकाळ कालचा नव्हे. गाडी आज नाही, एवढंच तो सांगतो.

गोष्ट गेल्या वर्षीची असेल तर आणखी एक पायरी मागे जा: 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव गॉन.' दोन हॅड दिसले की मुलं एक खोडतात. खोडू नका रे! पहिला सहायक, दुसरा मुख्य क्रियापद.

आणि वेअर. 'इफ आय वेअर यू', 'इफ शी वेअर हिअर'. बोलण्यात वॉज चालून जातं, परीक्षेत आणि अर्जात वेअरच लिहा. 'आय विश'नंतरही तेच.

पण वेअर शिकल्यावर ते सगळीकडे लावणं ही त्याहून वाईट खोड. 'इफ ही वॉज ॲट सराफा लास्ट नाइट, ही मस्ट हॅव सीन द क्राउड.' तो तिथे खरंच असू शकतो, म्हणून वॉज. शंका आली तर अटीपुढे 'पण तसं नाहीये' जोडून बघा. जुळलं तर वेअर.