वेचणीच्या दिवसांतली साधना

अश्विन वद्य सप्तमी, रात्री

कापूस फुटला की माझा सकाळचा योगवर्ग अर्ध्यावर येतो. दरवर्षीचंच आहे. दसरा झाला की पहिली वेचणी लागते, मजुरी किलोवर असते, आणि उजाडताच वावरात पोचायचं म्हणून बाया चारलाच उठून चूल पेटवतात. अशा बाईला मी कोणत्या तोंडाने म्हणू की पाच वाजता शाळेच्या ओट्यावर ये? अमरावतीत माझ्यासोबत शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, वेळ बदलू नकोस, शिस्त मोडते. मला ते पटत नाही. पुष्कळ काळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असं पतंजलींनी सांगितलंय. त्या आदरात थकलेल्या शरीराचा आदरही आला, असं मी धरते.

वर्ग शाळेच्या ओट्यावर घेते, तो विचार करूनच. देवळाचा सभामंडप मोठा आहे, तिथे पंखाही आहे. पण तिथे घेतला असता तर विहाराकडच्या बाया आल्या नसत्या, आणि विहारात घेतला असता तर इकडच्या. जिल्हा परिषदेची शाळा सगळ्यांची. पोरं तिथेच शिकली, मतदानही तिथेच होतं. आज दोन्हीकडच्या बाया एका सतरंजीवर पाठ टेकतात. योगाच्या नावाखाली मी या गावात दुसरं काही केलं नसतं तरी एवढं मला पुरलं असतं.

वेचणारीचं शरीर मी आता पाहूनच ओळखते. कमरेला ओटी बांधलेली, दिवसभर वाकून पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, हात घालायचे, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचत राहायची. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, मान आखडते, बोटं मिटत नाहीत. अशा बाईला पश्चिमोत्तानासन किंवा पादहस्तासन द्यायचं म्हणजे दिवसभर वाकलेल्या कमरेला आणखी वाकवायचं. या महिन्यांत मी पुढे वाकायचं एकही आसन घेत नाही. भुजंगासन तेही कोपरं जमिनीला टेकून, अर्धशलभासन एकेक पायाने, मग बराच वेळ मकरासन. पालथं पडून हनुवटी तळहातांवर ठेवली की कमरेवरचा ताण उतरतो आणि श्वास आपोआप पोटात जातो. तेवढ्यात दोघीतिघी झोपी जातात. मी उठवत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा भस्त्रिका हा उष्णता वाढवणारा प्राणायाम बंद ठेवते आणि थंडावा देणारी शीतली घेते. ज्यांची जीभ नळीसारखी वळत नाही त्यांच्यासाठी दातांतून श्वास घ्यायची सीत्कारी. पुस्तकातला क्रम मला पाठ आहे, पण आमच्या भागात ऋतू आणि पिकाचं काम हेच आधी पाहावं लागतं.

आज ध्यानाच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "ताई, डोये झाकले का मले त कापूसच दिसते वो. पांढराफट. तुमाले काय दिसते?"

बाकीच्या हसल्या. मावशी मात्र मनापासून विचारत होत्या. दिवसभर एकाच गोष्टीवर नजर खिळलेली असली की डोळे मिटल्यावरही तीच दिसत राहते. मी म्हटलं, मावशी, कापूसच पाहा. एकच बोंड धरा. दुसरं आलं तर येऊ द्या, पण आपण पहिल्याकडे परत यायचं. त्या बसल्या. पाठ भिंतीला, पाय लांब, मांडीवर हात. आणि अशा बसल्या की मी बघतच राहिले. पापणी हलत नव्हती. श्वास इतका बारीक झाला की छातीची हालचाल समजेना. बाकीच्या उठून चपला घालू लागल्या तरी त्यांना भान नव्हतं.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त स्थिर करायचे किती तरी उपाय दिलेत. प्राणाचा, ज्योतीचा, वीतराग पुरुषाच्या चित्ताचा, स्वप्नातल्या ज्ञानाचा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी येतं की ज्याला जे प्रिय असेल त्याचं ध्यान केलं तरी चालेल. हे सूत्र मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज त्याचा अर्थ माझ्यासमोर पाय लांब करून बसला होता. मावशींना शाळा मिळाली नाही, पण कापूस त्यांनी जन्मभर हाताळलाय. त्यांना माझ्या ओंकाराची किंवा भुवयांच्या मध्याची काय गरज?

माझा स्वतःचा रस्ता इतका सरळ नव्हता. आमच्या घरी सुरुवात झाली ती आज्यापासून. आजा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा. वावरातून आला की हातपाय धुऊन, भगवी टोपी घालून सामुदायिक प्रार्थनेला जायचा, मला सोबत घेऊन. पुढे एक रिकामं आसन मांडलेलं असायचं, मूर्ती नाही. मला लहानपणी त्या रिकाम्या आसनाचं फार कुतूहल वाटे. आज्याला विचारलं तर तो म्हणायचा, "तुले ज्याले बसवाचं त्याले बसव." ध्यान म्हणजे काय हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण दिवसभर वखर धरलेला माणूस इतका ताठ आणि इतका शांत बसू शकतो, हे मी रोज पाहत होते. तुकडोजी महाराज आमच्याच जिल्ह्यातल्या यावलीचे, १९०९ चा जन्म. खंजिरी वाजवत गावोगाव फिरले आणि प्रार्थना घराघरातून काढून गावाच्या मोकळ्या जागेत आणली. आज वर्ग घेताना वाटतं, मी नवीन काहीच आणलेलं नाही.

मग अमरावती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि शरीर घडवायची ओढ त्या सगळ्या शहरातच आहे. तिथल्या वर्षांनी मला शरीर दिलं. आसनं, जलनेती, बंध, नाडीशोधनाची मात्रा मोजणं, कोणत्या दुखण्यात काय टाळायचं. याचं मोल मी कधी कमी करणार नाही. आजकाल आसनांना कसरत म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे. पण कंबर धरली असेल तर चित्त कुठे बसवायचं?

बसायला मात्र शिकले विपश्यनेत. गोयंकागुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर, पूर्ण मौन, पहाटे चारची घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना पाहत फिरायचं. दुखतंय तिथे थांबायचं नाही, सुखावतं तिथेही नाही. गुडघ्यातली कळ येते, वाढते, तिचे तुकडे होतात, जाते. हे ऐकलेलं असणं वेगळं आणि हललो नाही म्हणून ती गेलेली पाहणं वेगळं. त्यानंतर दुखण्याची भीती माझ्या मनातून बरीचशी गेली. गावातल्या विहारात आनापान, म्हणजे येता-जाता श्वास पाहायचं ध्यान, घेतात, तिथल्या पोरींशी माझं बोलणं या अनुभवानेच सुरू झालं. नागपूरची १९५६ ची धम्मदीक्षा त्यांच्या आज्यांनी घेतलेली, त्यामुळे बुद्धाचं नाव घरात होतंच. श्वास पाहायचा कसा, हे आम्ही एकमेकींना विचारत गेलो.

आणि पवनार. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायांसाठी. एकत्र राहायचं, शेतात राबायचं, निर्णय सगळ्यांच्या संमतीने घ्यायचे आणि साधना सामूहिक करायची. एकट्याने गुहेत बसून मिळवायच्या समाधीपेक्षा ही वाट अवघड आहे असं मला तिथे राहिल्यावर वाटलं. गुहेत कोणी आपल्याला दुखवत नाही. इथे भाजी चिरताना मतभेद होतात आणि संध्याकाळी त्याच बहिणीशेजारी प्रार्थनेला बसायचं असतं.

परवा, पंचमीला, मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या गावी, गेले होते. महाराजांची पुण्यतिथी. ११ ऑक्टोबर १९६८ ला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गेले, आणि दरवर्षी तिथीला त्या मिनिटाला लाखो लोक मौन श्रद्धांजली वाहतात. गावोगावच्या पालख्या, बैलबंड्या, ट्रॅक्टर भरून आलेली माणसं, कडेवरची लेकरं, फुगेवाले, सगळा कल्लोळ असतो. आणि मग एकाएकी काहीच नाही. माझ्या उजव्या हाताला एक म्हातारे होते, त्यांचा दम्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी डोळे मिटले नाहीत. मला ती माणसं पाहायची होती. कोणी त्यांना बसायचं तंत्र शिकवलेलं नाही, श्वास मोजायला सांगितलेला नाही. प्रेमाने गप्प झाली होती. एकटीने खोलीत बसून मला जी शांती मिळते तिच्यात कुठे तरी माझा प्रयत्न असतो. त्या मैदानावर माझा काहीच प्रयत्न नव्हता.

म्हणून या वर्षी मी एकच गोष्ट धरली आहे. पतंजलींनीच सांगितलेल्या चार भावना. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. बुद्धाच्या ब्रह्मविहारांतही याच चार आहेत, विहारातल्या पोरींना त्या पाली नावांनी माहीत आहेत. करुणा मला सोपी जाते. आमच्या भागात दुःख शोधायला लांब जावं लागत नाही, आणि ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेलाय तिथे आपोआप हात पुढे होतो. मुदिता अवघड. दुसऱ्याच्या चांगल्यात मनापासून आनंद मानायचा.

धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, वावर माझ्या चुलतभावाचं. धुऱ्यावरून आमच्या दोन घरांत बोलणं नाही. त्याची मुलगी यंदा पोलीस भरतीत निघाली. पोरगी पहाटे रस्त्यावर धावायची, मी वर्गाला जाताना रोज तिला पाहायचे. निकाल लागला त्या रात्री मी बैठकीत तिलाच समोर घेतलं. धावताना घामाने भिजलेला तिचा चेहरा. पहिल्यांदा मनात धुराच आला, मोजणी आली, पंचायतीतली भांडणं आली. येऊ दिलं. परत तिच्या चेहऱ्याकडे. असं बरेच दिवस केलं, आणि मग एका संध्याकाळी नारळ घेऊन त्यांच्या अंगणात गेले. वहिनी काही न बोलता चहा ठेवायला आत गेली. दादा बाजेवर बसून होता. म्हणाला, "बस." मी बसले. धुऱ्याचा विषय कोणी काढला नाही, तो अजून सुटलेलाही नाही. पण पोरीने वाकून नमस्कार केला तेव्हा मला जो आनंद झाला त्यात कुठेही खडा नव्हता. मी तो तपासून पाहिला. दहा दिवसांच्या मौनाने मला जे तपासायला शिकवलं तेच इथे कामी आलं.

आणि आज त्या मावशी. मला इतकी वर्षं लागली ते त्यांनी कापसाच्या एका बोंडावर केलं. ते पाहताना मला फक्त बरं वाटलं. शिकवणारीला हे फार लागतं, कारण शिकणारा पुढे जाणारच असतो.

एक मात्र पक्कं आहे. वर्ग घेणं ही माझी साधना होऊ शकत नाही. वर्गात माझं लक्ष त्यांच्या पाठींवर, मानांवर, कोणाचा श्वास अडतोय त्यावर असतं, आणि तसंच असायला हवं. स्वतःची बैठक वेगळीच लागते. कोजागिरीपासून काकडा सुरू आहे, पहाटे देवळाच्या भोंग्यावरून भजन येतं, आणि मी त्याच वेळेला बसते. आधी मला पूर्ण शांतता लागायची. आता टाळ ऐकू येतो, येऊ देते.

उद्यापासून वेचणी संपेपर्यंत वर्ग संध्याकाळी, प्रार्थना झाल्यावर. चटयांऐवजी वाकळ आणायला सांगायची, ओटा आता रात्री गार पडतो. मावशींना कोमट तेल सोबत आणायला सांगते, बोटांना लावून देईन. तूर निघाल्यावर, माघात, पुन्हा दहा दिवसांच्या शिबिराला जायचं मनात आहे. म्हशीचं दूध कोण काढणार ते अजून ठरलेलं नाही. वहिनीला विचारून पाहते.