कळ दाबा, कळ काढा

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये येऊन मला चार वर्षे झाली. घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवर पादचाऱ्यांच्या सिग्नलचे बटण मी या काळात रोज दोनदा तरी दाबत आलो आहे, त्यामुळे खांबावरच्या त्या पेटीविषयी आता काही नवे कळायचे उरले असेल, असे मला वाटत नव्हते. गेल्या मंगळवारी ते कळले.

साठी उलटलेले, हातात पांढरी काठी असलेले एक गृहस्थ खांबाला खेटून उभे होते आणि त्यांचा एक हात पेटीखाली काहीतरी चाचपत होता. त्यांना बटण सापडत नसावे, अशा समजुतीने मी पुढे झालो, बटण दाबले आणि तसे त्यांना मोठ्या आवाजात सांगितलेही. ते हसले. बटण त्यांनी केव्हाच दाबलेले होते. मग त्यांनी मला माझे बोट पेटीच्या तळाशी ठेवायला सांगितले. तिथे करंगळीच्या टोकाएवढा, खाचा पाडलेला एक शंकू होता. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो आणि हिरवा माणूस उजळताच तो शंकू बोटाखाली गरगर फिरू लागला. आभार मानून ते चालू लागले. मी मात्र हिरवा दिवा जाईपर्यंत बोट तिथेच ठेवून उभा होतो.

घरी येऊन वाचले, तेव्हा आणखी ओशाळलो. हा शंकू विकसित झाला तो 1980च्या दशकात, याच गावच्या विद्यापीठात. हिरव्या दिव्याबरोबर पिपाणीसारखा आवाज करण्याची सोय इथे अनेक ठिकाणी आहे, परंतु जिथे दोन क्रॉसिंग जवळजवळ असतात, तिथे एकाचा आवाज दुसऱ्याचा समजून माणूस भलत्याच रस्त्यावर उतरण्याचा धोका असतो. शंकू ज्याच्या बोटाखाली आहे त्यालाच सांगतो. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यालाही सांगतो.

या पेटीशी माझे जुने भांडण आहे, ते मात्र वेगळ्या कारणाने. बटण दाबले की तिच्यावर 'वेट', म्हणजे 'थांबा', अशी अक्षरे उजळतात. आपल्या भाषेत बटणाला कळ म्हणतात आणि धीर धरण्याला कळ काढणे म्हणतात. हे दोन्ही अर्थ एकाच पेटीत कोंबण्याचे श्रेय इंग्रजांना द्यावे लागेल. दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो, दाराचे दाबले की घंटा वाजते. इथले बटण म्हणजे हुकूम नव्हे, अर्ज आहे, आणि 'वेट' ही त्या अर्जाची पोच. काही मोठ्या चौकांत तर दिवसा सिग्नलचे चक्र ठरलेल्या वेळेनुसारच फिरत असते. तिथे तुम्ही बटण दाबा किंवा न दाबा, हिरवा माणूस त्याच्या पाळीलाच येणार. पोच तेवढी तत्परतेने मिळते.

रात्री दहा वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी त्या पोचेकडे बघत थंडीत उभा असतो. इंग्लंडमध्ये लाल दिव्यावर चालत रस्ता ओलांडणे हा गुन्हा नाही, आणि स्थानिक मंडळी गाडी नाही असे पाहून खुशाल निघून जातात. थांबतो तो मी. आई फोनवर म्हणाली, "अरे, पुण्यात कधी थांबला नाहीस, तिथेच बरा शहाणा झालास." तिला मी म्हटले की मागे एकदा बटण दाबल्यावर न थांबता पलीकडे गेलो होतो, पाठोपाठ दिवा बदलला आणि माणूस नसलेल्या रस्त्यापुढे चार गाड्या निमूट उभ्या राहिल्या. तेव्हापासून थांबतो. हे खरे आहे, पण परक्या देशात आपल्यामुळे कोणी आपल्या देशाला नावे ठेवू नयेत, ही धास्तीही त्यात आहेच. नव्या पद्धतीच्या सिग्नलवर पादचारी काठावरून निघून गेला, तर संवेदक ते ओळखतो आणि अर्ज रद्द होतो. जुन्या सिग्नलना ते कळत नाही.

पुण्यात आपला हात हेच बटण असते. लक्ष्मी रस्त्यावर तळहात पुढे केला की रिक्षा, दुचाकी आणि टेम्पो यांच्याशी तत्क्षणी वाटाघाटी सुरू होतात. एसटीनेही 'हात दाखवा, एसटी थांबवा' असे म्हणून हाताचा मान राखला, आणि आत कंडक्टरच्या दोरीची भाषा सगळ्या गाडीला पाठ असते: एक घंटी थांबायची, दोन निघायची. अंध माणूस रस्त्याच्या कडेला दिसला, तर कोणीतरी हात धरून त्याला पलीकडे नेतोच, हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. मधुमेहाने दृष्टी गेल्यावर माझ्या मामांनाही हात धरणारे पुष्कळ मिळाले. तरी वर्षभरात त्यांनी एकट्याने घराबाहेर पडणे सोडून दिले, हे मात्र मी सांगत नाही.

तरीही बटणांच्या बाबतीत आपण मागे आहोत, असे कोणी समजू नये. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून मला इथे मतदान करता येते, म्हणून 4 जुलै 2024 रोजी पारपत्र घेऊन मी मतदान केंद्रावर गेलो, तर हाती आली दोऱ्याने बांधलेली पेन्सिल! कागदावर फुली मारायची आणि घडी करून पेटीत टाकायची. आपल्याकडे निळे बटण दाबले की शिट्टीसारखा लांब आवाज येतो आणि काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते. त्याच वर्षी 64 कोटींहून अधिक भारतीयांनी ते बटण दाबले होते. हे मी शेजाऱ्याला जरा जास्तच रंगवून सांगितले. निकाल कधी लागला, असे त्याने विचारले. पहिल्या टप्प्याचे मतदान 19 एप्रिलला झाले होते आणि मोजणी 4 जूनला. त्याच्या पेन्सिलीचा निकाल रातोरात लागला होता. एवढ्या मोठ्या देशात सात टप्पे लागतातच, असे मी त्याला समजावले, आणि ते योग्यच आहे.

शनिवारी जवळच्या एका गावी गेलो होतो. तिथे बटण दाबून सवयीने बोट पेटीखाली नेले. हिरवा माणूस आला, लोक निघाले, पण शंकू हलला नाही. पेटीवर क्रमांक होता. तो टिपून मी संबंधित खात्याकडे तक्रार नोंदवली. पोच दोन मिनिटांत आली.